मोठ्या सेन्सरचा फोटो

लातुरात पोरगं मेडिकलला लागलं की क्लासवाले चौकात त्याचा फ्लेक्स लावतात. वसंतरावांच्या मुग्धाचा नंबर लागला, तसा क्लासच्या सरांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत फोटो पाठवा. लेकीशेजारी आपणही त्या फ्लेक्सवर झळकायचंच, असं वसंतरावांनी ठरवून टाकलं. (जिल्हा परिषदेत इतकी वर्षं कारकुनी करून त्यांचा फोटो ओळखपत्राच्या पुढे सरकला नव्हता.)

घरात त्या दिवशी दोन कॅमेरे होते. एक वसंतरावांचा, दहा मेगापिक्सेलचा. दुसरा धर्माबादहून पेढे खायला आलेल्या मेव्हण्याचा, राघवेंद्रचा, चौदाचा.

“दाजी, माझ्यानं काढा. चार जास्त हायेत.”

“मेगापिक्सेल काय चाटायचेत? आतला सेन्सर बघ. तुझा तिळाएवढा, माझा हरभऱ्याएवढा. वावर लहान अन् पेरा दाट, तर पीक पोचटच येणार.”

पुराव्यासाठी दोघांनी एकाच भेंडीचे फोटो काढून कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले. राघवेंद्रची भेंडी मोठी केली की फिसकटायची. वसंतरावांच्या भेंडीवरची लव न् लव दिसायची.

“अहो, सेन्सॉर म्हंजे सिनेमाचा ना? नको ते कापतो, तो?” इंदूनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

“हाव, हाव,” भेंडीत बुडालेले वसंतराव मान वर न करता म्हणाले.

इंदूचा जीव भांड्यात पडला. फोटो गच्चीवर काढायचा होता आणि तिथं दोरीवर धुणं वाळत होतं. ते काढायचे कष्ट वाचले.

वसंतरावांनी सफारी चढवली, कॅमेऱ्याचा टायमर लावला आणि धावत जाऊन लेकीशेजारी उभे राहिले. फोटो तपासताना त्यांनी फक्त स्वतःला पाहिलं. झकास आले होते.

दुसऱ्या दिवशी सगळे हौसेनं चौकात गेले. फ्लेक्सवर मुग्धा गोड हसत होती. फ्लेक्सवाल्यानं वसंतरावांना साफ उडवलं होतं. लेकीच्या डोक्यामागे मात्र त्यांची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दिमाखात वाळत होती, नाडीच्या गाठीसकट आणि मागच्या भोकासकट.

“बाबा, मी आजच हॉस्टेलवर जाते,” मुग्धा म्हणाली.

“हरलो, दाजी,” राघवेंद्रनं हात जोडले. “माझ्या कॅमेऱ्यात भोक दिसलंच नसतं.”

इंदूनं फ्लेक्स वरपासून खालपर्यंत शांतपणे न्याहाळला.

“सेन्सॉर चांगला हाय,” ती म्हणाली. “नको ते बरोबर कापलं.”