कोपरा कापलेला निबंध

घरात दहा मिनिटं चक्क शांतता होती. मग आतून कात्रीचा आवाज आला. कर्र, कर्र. वैदेही कणकेच्या हातांनीच धावली, पण उशीर झाला होता. तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं, अस्मीनं, बेचाळीस निबंधांचे कोपरे कापून, फेव्हिकॉल लावून, दोऱ्यावर पताका चिकटवल्या होत्या.

"तूच म्हणालीस ना, आज निबंधांचा प्रोग्रॅम आहे," अस्मी म्हणाली. "मग डेकोरेशन नको?"

वैदेही शिकवायची त्या नेरूळच्या कॉलेजात प्राचार्य दीनानाथ सरांचा नियम कडक होता. पहिल्या वर्षाच्या मुलांनी स्वतःबद्दल मनापासून लिहायचं, पण नाव उत्तरपत्रिकेसारखं कोपऱ्यात घालून कोपरा दुमडून चिकटवायचा. तो उघडणार थेट स्टेजवर. आता कुठला कोपरा कुठल्या निबंधाचा ते कळेना, आणि निबंध टाइप केलेले, त्यामुळे अक्षरावरूनही पत्ता लागेना. बक्षिसाचा निबंध निवडून झाला होता, समारंभ चार वाजता होता आणि विजेत्याला नावच उरलं नव्हतं.

निबंध एका खोट्याबद्दल होता. अस्मीला थोपटता थोपटता वैदेहीनं तो तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा कागद डोळ्यांपासून लांब धरला होता, भिजू नये म्हणून.

तिनं वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, की खोटं बोलल्याबद्दल ज्यानं लिहिलंय त्यानं फोन करावा. दुपारपर्यंत सतरा फोन आले. एक जण क्लासला जातो सांगून कुत्र्याची पिल्लं सांभाळत होता. दुसरा मेसचं जेवण झकास असल्याचं घरी रोज कळवत होता. राजश्री आजीला पेपर वाचून दाखवताना वर्षभर वाईट बातम्या गाळत होती. परातीतली कणीक सुकली. सतराही जणांना बक्षीस द्यावं असं वैदेहीला वाटू लागलं. हवा होता तो मुलगा मात्र त्यांत नव्हता.

शेवटी तिनं सरांना सगळं सांगून टाकलं. सर घाम पुसत म्हणाले, "मॅडम, मग अनाउन्स काय करणार?"

चार वाजता अस्मीला कडेवर घेऊनच वैदेही स्टेजवर माइकपाशी गेली आणि निबंधाचा शेवट वाचला. "मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की आई कॉलेजचं नाव सांगते. आई काय करते असं कुणी विचारलं, की मी कंपनीचं नाव सांगतो. तिथल्या कँटीनमध्ये ती भांडी घासते, हे सांगत नाही."

मागच्या रांगेत तिच्या वर्गातल्या अंकुशची मान खाली गेली होती. शेजारी त्याची आई चांगुणाबाई बसली होती, ऐरोलीहून ड्युटी संपवून तशीच आलेली. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या दंडाला धरलं.

"कँटीन कंपनीतच हाय न्हवं? मग खोटं काय बोललास तू? ऊठ."

दोघं स्टेजवर पोचली तरी टाळ्या थांबेनात. दीनानाथ सरांनी चष्मा पुसला आणि बक्षीस चांगुणाबाईच्याच हातात दिलं.

अस्मीनं वैदेहीची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. माइक चालूच होता.

"आई, दादा खोटं बोललाच नाही, तर मग त्याला बक्षीस कशाचं?"