गेनूमामाचे केसाळ टायर

एका जंगलात, म्हणजे मोबाइलला रेंज नाही पण टायरचे दुकान आहे अशा एका जंगलात, गेनूमामा नावाचे अस्वल राहत होते. त्याच्याकडे एक पिकअप गाडी होती. मुलांनो, अस्वलाला गाडी कशी चालवता येते असे विचारू नका. ज्यांना येत नाही तेही चालवतातच.

मामा गाडीतून मधाचे बुधले बाजाराला न्यायचा. टायरांना पार टक्कल पडले होते, तरी मामा म्हणायचा, अजून एक उन्हाळा निघेल. असे म्हणत म्हणत त्याने चार पावसाळे काढले.

पण मागच्या वर्षी पंचाईत झाली. ओढ्यापलीकडे मामाची बहीण अनसाबाई राहते. तिच्या थोरल्या मुलीचे लग्न होते. आता लग्नात नवरीला मांडवात कोण आणतो? मामा. बगळेभटजींनी तीनदा पुकारा केला, आणि मुलीचे मामा ओढ्याच्या चिखलात चाके फिरवत बसलेले. शेवटी शेजारचे माकड मामा म्हणून उभे केले. त्याने नवरीला आणता आणता तिच्या मुंडावळ्यांतली फुले खाल्ली. अनसाबाई वर्षभर भावाशी बोलली नाही. मामाच्या जिवाला ते फार लागले.

यंदा धाकटी भाची बकुळी बोहल्यावर चढणार होती. मामाने ठरवले, काही झाले तरी टायर घ्यायचे.

जंगलात टायरचे दुकान एकच, काटेकरशेठ नावाच्या साळिंदराचे. प्राणी मोठा सज्जन. गिऱ्हाइकाला निरोप द्यायला तो गाडीपर्यंत येई आणि प्रेमाने चाकाला टेकून उभा राही. त्यामुळे पंक्चरचा धंदाही बरा चालायचा.

शेठने तीन टायर पुढे मांडले. पहिला डांबरी रस्त्याचा. मऊ चालतो, पण ओढ्यात जागीच फिरत बसतो. दुसरा चिखलाचा. कसलाही चिखल तुडवतो, पण डांबरावर एवढा घुमतो की शेजारी बसलेल्याचे काही ऐकू येत नाही. शेजारी मामी बसते हे आठवून मामा या टायरापाशी जरा रेंगाळला. तिसरा सगळीकडचा. डांबर, खडी, वाळू, चिखल, काहीही चालते. याला ऑल टेरेन म्हणतात, असे शेठने डोळे मिटून सांगितले.

मामा जुन्या वळणाचा. सगळीकडचा म्हणजे धड कुठलाच नव्हे, असे त्याला वाटले. सल्ला द्यायला माकडही आले होते. माकडाने आयुष्यात गाडी चालवली नव्हती, त्यामुळे त्याचे मत ठाम होते. टायर जाड बघून घ्या, ते म्हणाले, झोका चांगला होतो.

मग मामाने तिसऱ्या टायरवरून पंजा फिरवला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, पाहिलेत ना? मामाला तो घरचाच कोणीतरी वाटला. त्याने चार टायर घेतले, तेही नव्या रिंगांवर चढवून. जुनी चाके मात्र फेकली नाहीत, हौद्यात टाकली. कधी लागतील सांगता येते का?

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारी बारा वाजून सात मिनिटांचा. मामा नवा फेटा बांधून सकाळीच निघाला. ओढ्यापर्यंत झकास डांबरी रस्ता होता, कारण राजेसाहेबांचा दौरा ओढ्यापर्यंतच आला होता. गाडी अशी चालली की पोटातले पाणी हलू नये. मामा मैलामैलाला उतरून टायरांचे केस शाबूत आहेत ना ते बघायचा.

ओढा आला. पुढे गुडघाभर काळा चिखल. मामा खाली उतरला. त्याने चिखलाकडे बघितले, टायरांकडे बघितले. असल्या घाणीत नवे टायर कोणी घालते का?

दात काढू नका, पुढे ऐका. मामाने जॅक काढला, पाना काढला. चारही नवी चाके सोडवली, पुसली आणि हौद्यात ठेवली. ओढा ओलांडण्यापुरती जुनी लावली. गाडी दहा हात गेली आणि रुतली. बरोबर मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात.

बारा वाजायला आले. पलीकडून सनई ऐकू येत होती. मामा स्टिअरिंगवर डोके टेकून बसला. यंदाही माकडच, या विचाराने त्याला रडू फुटले.

तेवढ्यात समोरच्या काठावर हिरवा शालू दिसला. मामा येईना म्हणून बकुळीच चिखल तुडवत निघाली होती. मागून नवरदेव, अनसाबाई, भटजी आणि सगळे वऱ्हाड. बकुळीने चाकांकडे बघितले, मग हौद्यात बघितले.

"मामा, नवे टायर कशासाठी घेतलेस?"

"तुझ्या लग्नासाठी."

"मग लावले का नाहीस?"

"मळले असते ना गं."

अनसाबाईने तोंड उघडले होते. पण बकुळीने मान डोलावली. तिला पटले होते. तीही अनवाणीच आली होती, आणि लग्नाच्या नव्या चपला कागदात गुंडाळून तिच्या काखेत होत्या. नवरदेवाच्या कोटावर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. भटजींनी घड्याळ पाहिले. घड्याळावरचे प्लास्टिक अजून काढलेले नव्हते, पण त्यातूनही बारा वाजून पाच मिनिटे झालेली अंधूक दिसली. त्यांनी घाईघाईने हौद्यातच अंतरपाट धरायला लावला.

"मुलीचे मामा, मुलीला घेऊन या."

मामाने भाचीला चिखलातून उचलले. नव्या फेट्याच्या शेवाने तिचे पाय स्वच्छ पुसले. माया म्हणून पुसले की टायर मळतील म्हणून, हे त्याचे त्यालाच ठाऊक. मग तिला नव्या टायरांवर उभे केले. दोन टायर नवरीला, दोन नवऱ्याला. इतका कोरडा बोहला त्या ओढ्याने कधी पाहिला नव्हता. मामा भाचीच्या मागे उभा राहून मंगलाष्टकांपेक्षा मोठ्याने रडला.

अक्षता पडल्या. अनसाबाई वर्षाने भावाशी बोलली.

"गेनू, टायर चांगले निघाले हो."

मग वऱ्हाडातल्या गव्याने गाडी ओढून काढली. टायर आता मामाच्या घरी आहेत, मामीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. एक केस गळलेला नाही. मामा भेटेल त्याला सांगतो, घ्यायचे तर हेच घ्या, चिखलात फार उपयोगी पडतात.

तात्पर्य: वस्तू नेहमी वाईट रस्त्यासाठी घ्यावी आणि चांगल्या रस्त्यावरच वापरावी, त्याने वस्तूही टिकते आणि नातीही. ज्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे, त्यांनी या गोष्टीला हसू नये.