सहा आकड्यांची धमकी

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही. सुटलीच, तर माझ्या परवानगीनं," असं गुरुसिद्धप्पा स्वतःबद्दल सांगत. पगारापुरते ते बंगळुरूतल्या एका फुलं घरपोच देणाऱ्या अॅपचे टेस्टर. बाकी नखशिखांत गुप्तहेर.

त्यांची सहायक शशिरेखा आज मुंग्या मोजायच्या मनःस्थितीत नव्हती. सकाळपासून अॅपच्या साऱ्या स्वयंचलित चाचण्या लॉगिनच्या उंबरठ्यावरच आपटत होत्या. त्या पास झाल्याशिवाय सुट्टी नाही, आणि उद्या सकाळी हासनला धाकट्या बहिणीचा साखरपुडा. बस संध्याकाळची.

"घातपात," सर म्हणाले. "एक चाचणी पडली तर चूक. सगळ्या पडल्या तर टोळी."

"सर, लॉगिन करून देणारा कोडचा तुकडा, तो हेल्पर, एकदाच लिहिलाय आणि सगळ्या चाचण्या तोच वापरतात. आधी तिथं बघू या?"

"चाळीचा नळ आटला तर नळाला अटक करतात का? पाणीचोर शोधायचा."

मग त्यांनी शेजारच्या टीमवर संशय घेतला, कारण ती हसत होती. नंतर एसीवाल्यावर, कारण तो हसत नव्हता. बिसीबेळे भातातला काजू गायब झाला, तेव्हा तर त्यांनी दोन्ही प्रकरणं एकत्रच जोडली. खिशातला मोबाइल दिवसभर थरथरत होता, आणि तो थरथरला की सरही.

चार वाजता त्यांनी शशिरेखाला खांबाआड बोलावलं.

"टोळी मला धमकावतेय. सकाळपासून सांकेतिक संदेश. सहा-सहा आकडे, आणि खाली ताकीद, 'कुणालाही सांगू नका.' म्हणून तुलाही बोललो नाही."

कॉफी घेऊन चाललेल्या भागीरथीअक्का थांबल्या. त्या सरांच्याच टीमच्या प्रमुख. त्यांनी मोबाइल हातात घेतला.

"सिद्धप्पा, हे ओटीपी आहेत. आपल्याच अॅपचे."

"म्हणजे टोळी आत शिरली."

"काल लॉगिनच्या हेल्परमध्ये नंबर कुणाचा घातलास?"

सर खांबाकडे बघू लागले. "माझा. ओटीपी खरंच येतो का, ते बघायला. पण फक्त माझ्या चाचणीपुरता."

"गावच्या विहिरीत साखर टाकून एकट्याला सरबत मिळत नाही रे. तो हेल्पर सगळ्यांचा."

चाचण्यांच्या खोट्या नंबरला ओटीपी ठरलेला असे. सरांच्या खऱ्या नंबरवर दर वेळी नवा जात होता, आणि चाचण्या बिचाऱ्या दाराबाहेर जुनाच घोकत उभ्या.

शशिरेखानं नंबर बदलला. ओळीनं सगळ्या चाचण्या पास, पडदा हिरवागार. तिनं बॅग उचलली आणि पळाली.

मॅजेस्टिकच्या बसस्थानकातून बस सुटता सुटता तिचा मोबाइल थरथरला. सरांचा संदेश होता, "रेखा, गुन्हेगाराचं नाव कुणालाही सांगू नकोस."

पाठवला होता ऑफिसच्या सामाईक ग्रुपवर.