हणमंतराव सरांची अर्धी बैठक

हणमंतराव सर जायला तयार होते, पण गाणं संपत नव्हतं. कलबुर्गीच्या डॉक्टरनं "आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करा" म्हणून हात वर केले होते. बसवकल्याणच्या घरात सोलापूरचे, उमरग्याचे, भालकीचे पाहुणे येऊन पोचले होते. जानकीबाईंचं एकदा रडूनही झालं होतं. आणि ह्या सगळ्यांच्या मधोमध, सरांच्या पलंगाशेजारी, पेटी पुढ्यात घेऊन शिवप्रसाद रोज दुपारी गात बसत होता.

शिवप्रसाद खटकचिंचोळीचा. बापाचं, अमरनाथचं, बी-बियाणं आणि खताचं दुकान. पोरगा धारवाडला राहून गाणं शिकून आला आणि गाणं हाच धंदा करणार म्हणाला. आपल्याकडं गाण्याला देव मानतात, म्हणजे नैवेद्य दाखवतात आणि जेवतात मात्र स्वतः. लग्नाच्या रिसेप्शनला शिवप्रसाद बडा ख्याल लावायचा आणि निम्म्यात कुणीतरी येऊन त्याच्याच माईकवरून सांगायचं, "पांढरी कार कुणाची हाय, गेटातनं काढा." जत्रेत शाल मिळायची, नारळ मिळायचा, भाषण मिळायचं. ऐकणारा मिळायचा नाही. अमरनाथनं शेवटी सांगून टाकलं होतं, "पाडव्यापर्यंत बघ. तवर कुणी तुला गवय्या म्हणून वळखलं न्हाई तर मुकाट्यानं दुकानात बसायचं."

अशात सरांच्या मुलाचा, संकर्षणचा फोन आला. संकर्षण हैदराबादला कंपनीत.

"अण्णा, घरी एक बैठक करायची होती. फक्त वडील ऐकणार."

एकच श्रोता, तोही शाळेत आपल्याला शिकवलेला, आख्ख्या तालुक्यात दर्दी म्हणून नावाजलेला. शिवप्रसादनं रेशमी झब्बा इस्त्री केला. पोचला तर श्रोता पांघरुणाखाली, डोळे मिटलेले, घरभर चपलांचा ढीग. तो दारातनंच मागं फिरायला लागला, तशा जानकीबाई म्हणाल्या, "बस बाळा. काय पायजे म्हणून इचारलं तर गाणं म्हणले. दुसरं कायच म्हणंना गेलेत."

तो बसला. भीमपलास लावला. डोळे मिटून एक आवर्तन घेऊन समेवर आला आणि डोळे उघडले, तर पांघरुणातनं सरांचं एक बोट वर आलं होतं, बरोबर समेवर. इतक्या वर्षांत त्याच्या समेवर कुणी बोट उचललं नव्हतं. लग्नात हात वर व्हायचे, पण ते भात मागायला.

निम्म्यात नर्स आली, सलाईन लावायचं म्हणाली. गाणं थांबलं. शिवप्रसाद नमस्कार करून निघाला. मेख इथंच मारली गेली.

कारण हणमंतराव सरांची एक रीत होती आणि ती गावाला ठाऊक होती. बैठकीत गवई शेवटी भैरवी म्हणतो. भैरवी झाली की बैठक संपली, त्यावर कुणी काही गात नाही. सर आयुष्यात कधी भैरवीच्या आधी उठले नव्हते. हुमनाबादच्या एका बैठकीत भैरवीपायी शेवटची बस चुकवली आणि स्टँडवर झोपून सकाळी थेट शाळेत गेले. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाला उशीर केला. गाणारा गात असताना उठणं म्हणजे जेवत्याच्या पुढचं ताट ओढणं, असं ते वर्गात सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "बैठक अर्धी ऱ्हायली."

शिवप्रसादला पुन्हा बोलावणं गेलं. त्या दिवशी मुलतानी रंगात आली असताना सरांची सोलापूरची बहीण येऊन दारातच गळा काढून रडली, बैठक पुन्हा मोडली. तिसऱ्या दिवशी सरांनी दोन चमचे पेज घेतली. डॉक्टरनं फोनवर विचारलं, "कुठलं औषध दिलात?"

संकर्षण म्हणाला, "भीमपलास."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं म्हणतात.

बातमी बसनं गेल्यासारखी पसरली. पोराच्या गाण्यावर मास्तर तगून आहेत. अमरनाथच्या दुकानात खताला आलेला माणूस आधी विचारायला लागला, "ते गाणारं पोरगं तुमचंच का?" आणि अमरनाथ, ज्यानं पोराची पेटी युरियाच्या पोत्यांमागं ढकलून ठेवली होती, तो म्हणायला लागला, "व्हय की. ल्हानपणापासून गळा हाय त्येला. मीच धाडलो धारवाडला."

शिवप्रसादला सगळं कळलं होतं. भैरवी म्हटली की सर उठणार, आणि सर उठले की आपण पुन्हा रिसेप्शनला. म्हणून तो रोज दुपारी तीन-तीन राग गायचा आणि भैरवीची वेळ आली की पेटी बंद करून म्हणायचा, "आजच्यापुरतं थांबतो." सर डोळे मिटून पडायचे. कपाळाला एक आठी पडायची. शिवप्रसाद तिला समाधी समजायचा.

पण घरातलं माप भरत चाललं होतं. पाहुणे शेवटचं दर्शन घ्यायला आले होते. घेतलं, आणि पुढं काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. निघावं तर लोक म्हणणार, थांबले नाहीत. थांबावं तर रजा संपलेली. सून जयंती सकाळी पोळ्यांना बसायची ती दुपारच्या मुलतानीपर्यंत. शेवटी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मामंजी बरे होत असतील तर मला आनंदच हाय. पण मग ह्यांना जावा म्हणा. आन न्हाईतर..." तिनं वाक्य तव्यावरच ठेवलं.

संकर्षणनं शिवप्रसादला अंगणात बाजूला घेतलं. लाज वाटत होती, पण कंपनीचा फोनही वाजत होता.

"अण्णा, एक इचारू? भैरवी कामून म्हणंनास?"

"वेळ ऱ्हात न्हाई."

"तीन राग म्हणायलास आन पाच मिनिटांची भैरवी बसंना व्हय?"

सोलापूरच्या बहिणीचा नवरा मागं उभा होता. बँकेतनं निवृत्त, स्पष्ट बोलणारा. "हे बघा, आम्ही काय त्यांच्या वाईटावर न्हाई. पण माणसाला किती अडकवायचं? तुम्ही एक भैरवी म्हणून टाका, पुढं देवाची इच्छा."

"मी माणूस मारायला गाणं शिकलो न्हाई," शिवप्रसाद म्हणाला.

"मारा कोण म्हणायलंय? आम्ही भैरवी म्हणा म्हणायलाव."

"तुम्हीच म्हणा की मग."

"मला येत असती तर कवाच म्हणलो असतो," बँकवाले म्हणाले, आणि ते त्यांच्या तोंडून इतकं मनापासून निघालं की जानकीबाई आतनं बाहेर आल्या. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले.

जानकीबाई म्हणाल्या, "शिवप्रसाद, ते तुला एकट्यालाच बलवायलेत. दार लाव म्हणलेत."

शिवप्रसाद आत गेला. सरांच्या उशाशी वाकला. त्याला वाटलं, आता आशीर्वाद. गुरूसारखं काहीतरी सांगतील, ते मग आयुष्यभर मुलाखतीत सांगता येईल.

सर म्हणाले, "भैरवी कधी म्हणणार हाईस?"

"सर, तुम्ही असावं म्हणून म्हणंना झालो."

"मी असून काय करू?"

"ऐकताव की तुम्ही. दुसरं कोण ऐकतंय मला?"

सरांनी शाळेत उत्तरपत्रिका परत देताना काढायचे तसला आवाज काढला. "गाणं बरं हाय तुझं. बरंच. त्याच्या पुढं न्हाई. तान घेताना दाराकडं बघतोस. कोण आलं, किती आले. समेवर आलास की माझ्या बोटाकडं बघतोस. सुराकडं कवा बघणार?"

शिवप्रसादच्या कानात पेटीचा भाता फाटल्यासारखा आवाज झाला. "मग एवढे दिवस बोट कामून उचललाव, सर?"

"सम आली की बोट उठतंय. सवय हाय ती. त्यात तुझं कौतुक न्हाई."

"आन थांबलाव ते?"

"गाणारा गायलाय, मधूनच कसं उठू?" सर म्हणाले. "मला थकवा आलाय रे. पाठ दुखायलीय. रोज वाटतंय, आज हा संपवंल. तू आपला आणखी एक राग काढतोस. कुठं थांबायचं ते गाणाऱ्याचं गाणाऱ्याला कळावं लागतंय, शिवा. ऐकणाऱ्यानं सांगायचं नसतंय. मला सांगाय लावलास, आयुष्यात पयल्यांदा."

शिवप्रसाद पेटीपुढं बसला. राग सरांचा आला, मग पाहुण्यांचा आला, मग स्वतःचा. ज्याला आपण श्रोता समजलो तो ताटावरून उठता येत नाही म्हणून बसलेला पाहुणा होता. पाडव्यानंतर दुकानात बसावं लागेल, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसलं, तराजू आणि पोत्यांसकट. आणि ते दिसल्यावर दाराकडं बघण्यासारखं काही उरलं नाही.

त्यानं भैरवी लावली. कुणासाठी नाही. बाहेर कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी मोबाईलवर मोठ्यानं बोललं, ते त्याला ऐकू आलं नाही. कोमल रिषभावर तो थांबला तेव्हा तिथंच राहावंसं वाटलं, आणि तरीही तो पुढं निघाला, कारण पुढं षड्ज होता. समेवर आला तेव्हा त्यानं सरांच्या बोटाकडं बघितलं नाही. त्यामुळं ते उठलं की नाही हे त्याला कधीच कळणार नव्हतं.

भैरवी संपली. त्यानं पेटी बंद केली आणि वर बघितलं. सरांच्या कपाळावरची आठी गेली होती. मैफल संपल्यावर माणूस उठून जातो, तसे ते गेले होते.

दार उघडल्यावर रडारड झाली ती झाली. पण त्यानंतर जे झालं ते शिवप्रसादला अपेक्षित नव्हतं. बँकवाले डोळे पुसत पुढं आले आणि म्हणाले, "एवढी काय घाई होती हो तुम्हाला? चांगली पेज घ्यायला लागले होते."

संकर्षण भिंतीला टेकून म्हणाला, "चार दिवस आणखी थांबला असतास तर काय बिघडलं असतं, अण्णा? मी रजा वाढवलो असतो."

"तुम्हीच म्हणलाव की..."

"आम्ही म्हणूत. आम्ही घरचे हाव. तू ऐकायचं व्हय?"

माणसं अशीच असतात आणि त्यांना शिवी देऊनही काही होत नाही, म्हणून शिवप्रसादनं दिली नाही. एकट्या जानकीबाई त्याच्याजवळ आल्या. म्हणाल्या, "बाहेरनं ऐकले मी. आज चांगलं म्हणलास." आणि आत गेल्या.

तेरावा झाला, पाडवाही होऊन गेला. शिवप्रसाद दुकानात बसायच्या तयारीनं जुना शर्ट घालून निघाला होता, तोवर अमरनाथचाच फोन आला. दुकानातनं. आवाज दबका आणि घाईचा, मोठं गिऱ्हाईक समोर असल्यासारखा.

"शिवा, हळ्ळीखेडचे एक जण आलेत. त्यांची आई लई दिवस झाले आंथरुणाला हाय. सुटका व्हईना म्हणायलेत. तुझी ती भैरवी पायजे म्हणं. मी व्हय म्हणून टाकलो."

शिवप्रसाद रस्त्याच्या कडेला थांबला. हे हसण्यासारखं होतं की रडण्यासारखं, हे ठरवायला त्याला थोडा वेळ लागला. बापानं त्याला गवई म्हणून पहिलं काम आणलं होतं, आणि ते हे होतं.

"अप्पा, त्या म्हातारीला ऐकायला येतंय का?"

पलीकडं कुजबुज झाली. "येतंय म्हणायलेत. कान चांगले हाईत."

"मग सांगा त्येनला. एकदम भैरवी म्हणत न्हाई मी. आधी ख्याल ऐकावा लागंल. सगळा."

पुन्हा कुजबुज झाली, ह्या वेळी जरा लांबली. मग अमरनाथ म्हणाला, "पडून ऐकलेलं चालंल का, इचारायलेत."