मेमो मिळालेली कोंबडी

मेश्रामभाऊंनी आपल्या कोंबडीला मेमो दिला होता. चेष्टा करत नाही. चांगला टाईप केलेला, तीन प्रतींत. एक प्रत खुराड्याच्या दारावर डकवलेली, एक त्यांच्या फायलीत आणि एक माझ्या हातात, कारण टोच माझ्या पोटरीला बसली होती. 'आपल्या गैरवर्तणुकीबाबत आपले म्हणणे सात दिवसांत सादर करावे,' असं त्यात लिहिलं होतं. मी तो कागद त्यांच्यासमोर फाडणार होते. पण भाऊ इतक्या गंभीर चेहऱ्यानं उभे होते की माझा हातच उचलेना.

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते. साताऱ्याची माणसं, लग्न होऊन लखनौला आलो. ह्यांची नोकरी संशोधन संस्थेत. ऐंशी सालाच्या पुढेमागे आम्ही इंदिरा नगरात राहायला गेलो तेव्हा निम्मे प्लॉट मोकळे होते आणि शेजार म्हणजे एकच, भिंतीपलीकडचे मेश्राम. मूळचे अमरावतीचे. सरकारी कचेरीत खातेनिहाय चौकशीची कागदपत्रं सांभाळायचे. घरात एकटे. विधुर असावेत असं आम्ही आपलं धरून चाललो होतो आणि त्यांनीही कधी ते खोडून काढलं नाही.

'आधी बाजू ऐकून घ्या जी,' हे त्यांचं पालुपद. दूधवाला पाणी घालतो अशी मी बोंब मारली, तर भाऊंनी त्याला खाटेवर बसवून, चहा पाजून अर्धा तास त्याची बाजू ऐकली. म्हशीपासून त्याच्या सासूपर्यंत सगळं ऐकून घेतलं. दूध होतं तसंच पातळ राहिलं. एकदा अमीनाबादेतून आणलेल्या कापडाचा रंग गेला म्हणून मी त्यांना सोबत घेऊन परत करायला गेले. भाऊंनी दुकानदाराची बाजू ऐकली आणि त्याच कापडाचे आणखी दोन मीटर घेऊन आले. रिक्षात मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही.

त्यांच्याकडे तीन कोंबड्या होत्या. गरीब, अंगणात टिपत फिरणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एका दुपारी भाऊ कचेरीत असताना खुराड्यात मुंगूस शिरलं. आवाज ऐकून मी भिंतीवरून काठी आपटली, पण तोवर दोघींचा निकाल लागला होता. तिसरी, तांबडी, कोपऱ्यातल्या खोक्यामागे अंग आक्रसून उभी होती. तिला एक ओरखडाही नव्हता. म्हटलं, सुटली बिचारी.

कसली सुटते. त्या दिवसापासून तिनं माणूस दिसला की अंगावर जायला सुरुवात केली. पंख फुगवायचे, मान खाली घालायची आणि थेट पायावर. पोस्टमन पत्रं माझ्याकडे टाकायला लागला. दूधवाला म्हणायचा, "भाभीजी, मुर्गी नहीं है, दरोगा है." भाऊ स्वतः हेल्मेट घालून अंगणात उतरायचे, कारण ती एकदा उडून त्यांच्या तोंडावर आली होती. स्कूटर त्यांच्याकडे नव्हतीच, हेल्मेट खास तिच्यासाठी आणलं होतं.

मग माझ्या पोटरीला टोच बसली आणि तो मेमो आला. मी म्हटलं, भाऊ, जिला बोलता येत नाही तिची बाजू तुम्ही कशी ऐकणार? त्यावर ते दारावरचा कागद नीट करत राहिले. मी मात्र गप्प बसले नाही. रविवारपर्यंत काय तो बंदोबस्त करा, नाहीतर मीच तिचा रस्सा करते आणि तुम्हाला वाटीभर पाठवते, असं बजावलं. आणि मी तसं केलंही असतं.

सरकारी माणसाला अशा वेळी एकच औषध माहीत. भाऊंनी तिची बदली केली. अलीगंजला त्यांच्या कचेरीतले एक तिवारी राहायचे, त्यांच्या घरी. पिशवीत घालून, रिक्षानं, सोबत कागद. चौथ्या दिवशी तिवारी स्वतः तिला परत घेऊन आले. त्यांच्या आईला तिनं सकाळभर न्हाणीघरात कोंडून ठेवलं होतं. कोंबडीची शेपटी झडली होती, आणि पिशवीतून सोडल्याबरोबर ती तिवारींच्याच धोतराला लागली.

रविवारी सकाळी मी खरंच पातेलं घासून ठेवलं. भाऊ भिंतीपाशी आले. हेल्मेट नव्हतं. म्हणाले, "वहिनी, मला महिनाभर द्या. चूक तिची नाही, माझी आहे. भ्यालेल्या जिवाला मी परक्या घरी पाठवलं." त्यांचा आवाज असा काही होता की मी हो म्हणून बसले, आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडले.

त्या संध्याकाळपासून भाऊ अंगणात पाट टाकून बसायला लागले. कोंबडीकडे पाठ करून. पायात गमबूट, शेजारी मूठभर ज्वारी. तिच्याकडे बघायचं नाही, हाकलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. सोबतीला कचेरीतला एखादा कागद, तो हळू आवाजात, मराठी करून वाचायचे. 'सदर कर्मचारी वेळेवर उपस्थित राहत नाहीत' वगैरे. पहिले आठ दिवस तिनं गमबुटांवर राग काढला. ते पाय हलवायचे नाहीत. पुढे ती लांब उभी राहून बघायला लागली. मग दाणे टिपायची आणि पळायची. थंडी पडली, भाऊंनी मफलर गुंडाळला, पण बसणं चुकलं नाही. महिना कधीच उलटून गेला होता. मी आठवण करून दिली नाही.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मी भिंतीवरून चहा द्यायला गेले, तर तांबडी त्यांच्या मांडीला टेकून डोळे मिटून बसलेली. भाऊ ताठ, श्वाससुद्धा बेतानं घेत होते. मी हळूच म्हटलं, एका कोंबडीपायी तुम्ही स्वतःचे हाल करून घेतलेत.

ते वळले नाहीत. पाठमोरेच बोलले.

"माझी बायको आहे, वहिनी. कुसुम. अमरावतीला, माहेरी. आमचं बाळ दोन दिवसांचं होऊन गेलं, त्यानंतर ती जवळ येईल त्याच्या अंगावर जायची. माझ्यासुद्धा. सगळे म्हणाले, माहेरी पाठवा, हवापालट होईल. मी पाठवली. सात वर्षं झाली." मग म्हणाले, "अख्खा जन्म लोकांची बाजू ऐकण्यात गेला. तिच्याजवळ एक संध्याकाळ बसलो नाही."

मी कपबशी हळूच भिंतीवर ठेवली. इतकी वर्षं शेजारी राहून ह्या माणसाला घरात कोण कोण असतं, एवढं साधं मी विचारलं नव्हतं. लाज वाटली.

दोन दिवसांनी सकाळी ते आमच्या दारात आले. कोंबडीला दाणे घालाल का, म्हणाले. मी म्हटलं, घालीन की, वहिनींना आणायला निघालात ना? त्यांनी नकारार्थी मान हलवली. यायचं की नाही ते ती ठरवेल, म्हणाले, आणि खिशातून रजेचा अर्ज काढून माझ्यापुढे धरला. इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांना आपल्या हिंदीचा भरवसा नव्हता, जरा नजर घाला म्हणाले.

दोन महिन्यांची रजा मागितली होती. कारणाच्या जागी आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'पत्नी के पास बैठना है।'

"बरोबर आहे ना जी?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अगदी बरोबर आहे, भाऊ. असाच द्या.