उन्हातला लॅपटॉप

भास्करअण्णा लॅपटॉप उन्हात नेऊन तपासायचे. दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत त्यांच्या घरातून एक लांबलचक वायर सरपटत ओट्यावर यायची. तिच्यामागून ते जाडजूड काळं यंत्र यायचं आणि त्याच्यामागून अण्णा. बॅटरी कधीच मेलेली, म्हणून वायर. ओट्यावर ऊन असं असायचं की पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नसे. दिसायचं ते फक्त अण्णांचं तोंड. ते तोंड ते पाच-पाच मिनिटं बारकाईनं निरखायचे आणि म्हणायचे, "निया बराबर नही."

गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं, अशी रीत आहे. अण्णांना जाऊन सहा महिने झाले. रीत पाळायची म्हणून मी लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडले. खोटं जमेना. माणूस हेकट होता, अडाणी होता, आणि आपल्या अडाणीपणाचा त्याला गर्व होता.

'निया' म्हणजे निळा. अण्णा धुळ्याकडचे. पस्तीस वर्षं सुरतेत काढूनही त्यांनी अहिराणी सोडली नव्हती, उलट तिला थोडी गुजराती चिकटवली होती. उधन्याच्या एका मिलमध्ये ते कलर मास्तर होते. साडीचा नमुना आला की हुबेहूब त्याच रंगाचा माल काढून द्यायचा, हे त्यांचं काम. रंग ट्यूबलाइटखाली बघायचा नाही, दारात नेऊन उजेडात बघायचा, हा त्या धंद्याचा नियम. कापडाचा नियम त्यांनी यंत्राला लावला.

"अण्णा, हा पडदा स्वतःच उजेड देतो. त्याला ऊन कशाला?" मी विचारायचो.

"त्याना उजेड त्यानापाशी. सूर्य खोटं बोलत नही, गुरुजी."

लॅपटॉप त्यांच्याकडे आला त्यालाही कारण होतं. शेठच्या मुलानं मिलमध्ये कॉम्प्युटर आणले. डिझाइन आता पडद्यावरच पास होणार, आणि पडद्यावरचा रंग ज्याला कापडावर उतरवता येणार नाही त्यानं दिवाळीनंतर घरी बसायचं, असं अण्णांना सांगण्यात आलं. वर "शिकून घ्या, काका" म्हणून त्यानं आपला जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला. अण्णा तेव्हा साठीला टेकलेले.

"घर बसीसन काय करू?" ते मला म्हणाले. "भिंती रंगाडू?"

डिझाइनचा प्रोग्राम जुन्या सिस्टीमवर चालेना. मग अण्णांनी कोणाकडून तरी नव्या सिस्टीमची सीडी आणली आणि कोणालाही न विचारता चढवली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तेव्हा चित्र पोस्टकार्डाएवढं होऊन मधोमध बसलं होतं, चारी बाजूंना काळी पट्टी, आणि रंग उरले होते मोजून सोळा. मोरपंखी साडी शाळेतल्या नकाशासारखी दिसत होती.

मला बोलावणं आलं ते माझ्या इंग्रजीसाठी. मी मराठी शाळेत शिक्षक. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला तेव्हा मला चार दिवस शिकायला पाठवलं होतं, माझं ज्ञान एवढंच. पण लॅपटॉपसोबतची पुस्तिका वाचून कळलं की पडद्यावर रंग दाखवायचं काम ज्या छोट्या प्रोग्रामकडे असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. सिस्टीम नवी झाली होती, ड्रायव्हर जुनाच राहिला होता. सायबर कॅफेत बसून मी नवा ड्रायव्हर फ्लॉपीवर उतरवून आणला आणि पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे जुन्यावर चढवला. सोळा रंग होते तेही गेले. पडदा काळा ठिक्कर.

असे तीन रविवार गेले. अण्णा शेजारी बसून बशीतला चहा फुरकत होते. साखर सोडा म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं असताना तीन चमचे घातलेला चहा.

"जुना रंग काढ्याबिगर नवा चढत नही, गुरुजी. पहिले धुई काढा."

हे वाक्य ते सगळीकडे वापरत. जावयाच्या दारूबद्दल हेच, सोसायटीच्या निवडणुकीबद्दल हेच. चौथ्या रविवारी निव्वळ त्यांचं तोंड बंद व्हावं म्हणून मी सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पार काढून टाकला आणि मग नवा घातला. पडदा भरून चित्र आलं. मोरपंखी मोरपंखी दिसू लागला. पुस्तक वाचणारा मी हरलो होतो आणि रंगाच्या हौदावर आयुष्य काढलेला माणूस जिंकला होता, याचा राग मला बरेच दिवस पुरला.

अण्णांनी काय करावं? लॅपटॉप उचलून ओट्यावर नेला, आपलं तोंड पाहिलं आणि म्हणाले, "निया बराबर नही. ड्रायव्हर खराब शे."

तेव्हापासून हा छळ कायमचा झाला. दर रविवारी मी ड्रायव्हर काढायचा, पुन्हा घालायचा. तो ठणठणीत होता. पण अण्णांना पटत नसे. मग सावलीत सरकून पडद्यावर एक रंग लावायचा, शेजारी कापडाचे पाच-सहा तुकडे मांडायचे आणि माझी परीक्षा घ्यायची.

"गुरुजी, सांगा, ह्यामा कोणता जुळस? आन कोणता रंग शे?"

"हा जुळतो. शाईच्या दौतीत पाणी पडल्यावर होतो तसा."

"आन हाऊ?" ते दुसरा तुकडा पुढे करायचे.

"जांभळाचा डाग वाळल्यावर उरतो तसा."

अण्णा पोट धरून हसायचे. "मी रंग इचारा, तुम्ही तर निबंध सांगतस! शाळामास्तरले रंग काय समजस?"

मला वाटायचं, चार माणसांसमोर माझी फजिती करण्यात त्यांना गोडी आहे. आश्चर्य एवढंच की दिवाळी गेली आणि अण्णांची नोकरी राहिली.

मार्चमधल्या एका रविवारी मी घरी पेपर तपासत बसलो होतो. अण्णा लॅपटॉप आणि तुकडे घेऊन माझ्याच दारात हजर. एकच तुकडा त्यांनी चारदा विचारला. शेवटी मी मान वर न करता म्हणालो, "हिरवा! पोपटासारखा हिरवा. झालं समाधान?"

तुकडा फिरोजी होता. आंधळ्यालाही कळावा इतका फिरोजी.

"पोपट," अण्णा म्हणाले, आणि मान डोलावून गेले.

त्याच आठवड्यात मिलमध्ये त्यांच्या हातून एक लॉट चुकीच्या रंगाचा निघाला आणि शेठच्या मुलानं त्यांना घरी बसवलं. "ड्रायव्हर बिघडी गया व्हता," असं ते गल्लीत ज्याला त्याला सांगत सुटले. मी बसवलेल्या ड्रायव्हरला बोल! स्वतःची चूक यंत्रावर ढकलणारा माणूस, असं मी शाळेत दोघा-तिघांना हसत हसत सांगितलं. त्यानंतर ओट्यावर वायर आली नाही. मीही चौकशीला गेलो नाही. पावसाळ्यात साखर वाढून अण्णा गेले.

तेराव्यानंतर त्यांची बायको, सुमनवहिनी, लॅपटॉप आणि एक जाड वही घेऊन आल्या.

"हाई तुमनासाठे ठेई गयात."

"मला कशाला, वहिनी?"

"आते कोण वापरी?" त्या दारातच उभ्या राहिल्या. "साखरनी त्यासना डोया खाई टाक्यात, गुरुजी. दोन वरीस त्यासले निया आन हिरवा एकच दिखे. कोणले सांगू नको, म्हणेत. नोकरी जाई, म्हणेत."

वही मी त्या गेल्यावर उघडली. पानापानावर कापडाचे तुकडे टाचलेले. प्रत्येकाखाली रविवारची तारीख, शेडचा नंबर, आणि अण्णांच्या वेड्यावाकड्या अक्षरात: 'दौतीत पाणी – गुरुजी.' 'जांभळाचा डाग – गुरुजी.' 'ओली पाटी – गुरुजी.' माझा एकही निबंध त्यांनी गाळला नव्हता. सोमवारी मिलमध्ये जाऊन ते माझ्या शब्दांवरून हाच रंग काढत होते.

शेवटच्या पानावर फिरोजी तुकडा होता. खाली 'पोपट – गुरुजी.' आणि त्याच्याखाली वेगळ्या शाईत, शाळेत शिकलेल्या मराठीत: 'गुरुजी पेपर तपासून दमले होते. दोष ड्रायव्हरचा.'

लॅपटॉप आता माझ्याकडे असतो. ड्रायव्हर व्यवस्थित आहे, रंग सगळे दिसतात. रविवारी दहाच्या सुमारास मी वायर ओढत तो ओट्यावर नेतो आणि उन्हात ठेवतो. पडद्यावर काही दिसत नाही. दिसतं ते फक्त माझं तोंड.