अस्वलाचा घसा

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल होतं आणि त्याच्याकडे मध होता. एवढ्यावरून ते स्वतःला खोकल्याचं जाणकार समजे. (थांबा हं, जरा घसा साफ करतो.)

कुणी खोकलं की अस्वल मध आणि आल्याचा रस घेऊन हजर. समोर बसून चाटवायचं. खोकला थांबायचा. बहुधा तो आपला आपणच थांबायचा, पण नाव मधाचं व्हायचं.

मग एकदा अस्वलच खोकायला लागलं. मध झाला. आलं झालं. मिठाच्या गुळण्या झाल्या. पळसाची फुलं गळून पानं आली, तरी खोकला हटेना.

अस्वलीण म्हणाली, "अहो, सुतारीणबाईंना दाखवू या."

सुतारीणबाई म्हणजे सुतारपक्षीण. जंगलाची वैद्य. चोचीनं छाती ठोकून आतलं सांगायची.

"हा खोकला नाही. घसा साफ करतोय," अस्वल म्हणालं.

"इतका साफ घसा पंचक्रोशीत नसेल! आणि धाप कसली लागते?"

"वय झालं."

"पानावर लाल काय पडलं?"

"डाळिंब खाल्लं होतं."

"या दिवसांत? कुठल्या झाडावरचं?"

अस्वल हळूच म्हणालं, "अगं, मध वाटणाराच वैद्याकडे गेला, तर लोक काय म्हणतील?"

"आणि उद्या तुम्ही राहिला नाहीत, तर मला काय म्हणतील?"

शेवटी अस्वल एका अटीवर निघालं. खोकला बायकोला आहे, असं सांगायचं.

झाडाखाली रांग होती. अस्वल दिसताच ससा पानाआड सरकला. माकडानं तोंड फिरवलं. सगळे मधानं बरे झालेले!

"तुम्ही इथे?"

ससा ओशाळला. "काका, साधा खोकला तुमच्या मधानं शमतो हो. लांबला की आम्ही गुपचूप इकडे येतो. तुमचं मन कसं मोडायचं?"

नंबर आला. "हिला खोकला आहे," अस्वल खोकत म्हणालं.

सुतारीणबाईंनी अस्वलिणीची छाती ठोकली. "ही ठणठणीत आहे. आता खोकणारी छाती पुढे आणा."

ती मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा ठोकून पाहिली. अस्वलिणीनं नवऱ्याचा पंजा धरला.

"उशीर केलात. रक्त दिसलं त्याच दिवशी यायचं. अजून हाताबाहेर गेलेलं नाही. बरं वाटलं तरी औषध मध्येच सोडायचं नाही. वर मध हवा तर चाटा."

अस्वल बरं झालं. आणि जंगलभर सांगत सुटलं, मधानंच गुण आला.

तात्पर्य: वैद्याकडे वेळेवर जावं. तब्येतीसाठी नव्हे, उशिरा गेलं की आपणच बरे केलेले रोगी रांगेत आपल्या पुढे बसलेले असतात. मीही उद्या जाणार आहे. आमच्या हिला खोकला आहे.